मागितलेला ताप

पारा शंभराच्या रेघेपाशी थांबला नव्हता. अनसाबाईनं तापाची काच खिडकीकडं धरून थोडी फिरवली. चकाकी हरवली, पुन्हा सापडली, आणि ती एकशे दोनला टेकलेली होती. काचेलाच काही लागलं असेल म्हणून तिनं पदरानं ती पुसली आणि परत पाहिलं. मिशनच्या दवाखान्यात लोकांचे ताप बघण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. झोपेतसुद्धा तिनं रेघ बरोबर वाचली असती. पण आज ती काच तिला बारीक, थंड आणि मोडेल अशी वाटली. खाटेवर तिची स्वतःची मुलगी होती, आणि हा ताप अनसाबाईनं मागितला होता.

मागितला होता म्हणजे अगदी मापानं मागितला होता. काल सकाळी झाडलोट व्हायच्या आधी ती मिशनच्या देवळाच्या मागच्या पायरीवर बसली होती. समोर विहिरीचा रहाट, त्यापलीकडं बिदरची तांबडी माती, शहराच्या बाजूनं बिदरी भांडी घडवणाऱ्यांची ठोकठोक नुकती सुरू झालेली. डोळे मिटायचंही तिला सुचलं नाही. ‘माझ्या दोर्कसला ताप येऊ दे,’ ती मनात म्हणाली, ‘लई नको. शंभराच्या आसपास. जनवाड्याची गाडी निघंपर्यंत अंगात राहू दे, मग उतरव.’ आकडा सांगितला की मागणं लहान होतं, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. दुकानात पावशेर मागितलं तर पावशेरच मिळतं, तसं. गाडी जुंपायच्या वेळी दोर्कसला हुडहुडी भरली. आणि आज हा आकडा. देवानं ऐकलं होतं, पण आकडा ऐकला नव्हता, किंवा आकडा ऐकून आपला घातला होता. आता तो कुठवर नेणार, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. अनसाबाईनं काच घट्ट धरली.

“किती हाय?” दोर्कसनं डोळे न उघडता विचारलं.

“हाय थोडा.”

“थोडा म्हंजी किती? नर्स हाय मी, माय. मला थोडा चालत न्हाई.”

“एकशे दोन.”

“बरा हाय की,” दोर्कस म्हणाली. हसताना तिचे कोरडे ओठ ताणले गेले. “मला वाटलं तुझ्या आवाजावरून की फुटली काच.”

जनवाड्याची बातमी आली तेव्हा दवाखान्यात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. उंदीर पडायला लागलेत, एवढंच गाडीवान लिंबाजीनं बैलाला पाणी पाजता पाजता सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी उंदीर हा शब्द पुढं नेला. दुसरा शब्द कुणी काढला नाही. गावातली माणसं घरं सोडून शेतात झोपड्या बांधायला लागली होती. तहसिलीतून टोचणीची माणसं गेली होती, आणि लोक त्यांना बघून ज्वारीत लपत होते. डॉक्टर मिसबाईंनी संध्याकाळच्या प्रार्थनेत, गाणं संपल्यावर, आपल्या मोडक्या मराठीत विचारलं की माझ्याबरोबर कोण येतं. पंख्याच्या दोरीचा आवाज तेवढा होत राहिला. मग बाकावरून दोर्कस उठली. विशीसुद्धा न ओलांडलेली, पदर नीट खोचलेली, हात पुढं बांधलेली. लोक आमेन म्हणाले. अनसाबाईही म्हणाली, पण सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटीच, आणि त्या उशिरा आलेल्या आमेनकडं शेजारच्या शिवम्मानं मान वळवून पाहिलं होतं.

त्याआधीच्या रविवारीच उद्धव पाळकांनी उपदेश केला होता. प्रार्थना म्हणजे देवाला आपल्याकडं ओढणं नाही, ते म्हणाले, आपण त्याच्याकडं सरकणं. दुधात पाणी मिसळतं तशी आपली इच्छा त्याच्या इच्छेत मिसळून टाका. पाळक गोड बोलायचे, बायका माना डोलवत होत्या. अनसाबाई मात्र तिथंच अडकली. मिसळल्यावर पाणी कुठलं ते कोण सांगणार? पाणी तर गेलंच. आणि तिच्या इच्छेत एकच माणूस होतं. तिची इच्छा मिसळून गेली, तर ते माणूसही मिसळून जाणार होतं. ती पाळकांच्या हाताकडं बघत राहिली. हवेत दूध ओतावं तसा तो हात हलत होता.

देणं म्हणजे काय ते तिनं फार लहानपणी पाहिलं होतं. नागूअक्का, तिची थोरली बहीण, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि करंजीच्या तेलाचा वास यायचा. ती अनसाला कडेवर घेऊन ओढ्याला जायची आणि वाटेत बोरं तोंडात कोंबायची. मग एक दिवस सगळे मैलारला गेले. खंडोबाच्या देवळापुढं पिवळा भंडारा इतका उधळला होता की नागूअक्काचा चेहरा दिसेना. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, कुणीतरी देवाच्या नावानं ओरडलं, आणि परतीच्या गाडीत ती नव्हती. अनसानं आईला विचारलं, अक्का कुठं हाय? आई, यल्लम्मा, बैलांच्या शेपटांकडं बघत म्हणाली, “देवाला वाहिली.” कामून? “तू तान्ही असताना तुझा श्वास बंद पडला व्हता. म्या बोलले, ही जगू दे, थोरली तुझी. बोललं की द्यावं लागतंय.” एवढंच. पुढं कधी ती बोलली नाही. अनसाला मात्र त्या दिवसापासून श्वास घेताना कधी कधी मध्येच थांबून बघायची सवय लागली. हवा आत येते, बाहेर जाते. ही हवा अक्काची आहे असं तिला वाटायचं. अक्का मुरळी झाली, जत्रांतून नाचली, एकदोनदा दारात येऊन गेली, आणि एका उन्हाळ्यात कुठल्याशा गावाला मेल्याचं उडत उडत कळलं.

घरानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा अनसा न्हातीधुती झाली होती. पाण्यातून वर काढताना तेव्हाचे पाळक म्हणाले, हा देव तुमच्याकडून काही मागत नाही. द्यायचं ते त्यानंच दिलंय, आपला एकुलता मुलगा दिलाय. बापानं डोळे पुसले. आईनं पण पुसले, बहुधा नागूअक्कासाठी. अनसाच्या कानात पाणी गेलं होतं आणि ते शब्द तिला लांबून ऐकू आले. सगळ्यांना त्यात सुटका ऐकू आली. तिला वेगळंच ऐकू आलं. ज्यानं आपलाच राखला नाही, तो दुसऱ्याचं कामून राखील? हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. लग्न झालं, दवाखान्यात काम लागलं, नवरा दोर्कस रांगत असताना गेला. तेव्हाही ती रडली, आणि रडता रडता तिनं पाळण्याकडं पाहून हिशेब केला होता की आता देणं फिटलं असेल. त्या हिशेबाची तिला लाज वाटली नाही. भीती वाटली, कारण तो चुकला असला तर कुणाला विचारायचं हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी तिनं दोर्कसच्या काखेत हात घातला. बोटं सपाट ठेवून, हळू, मिसबाईंनी शिकवलं तसं. मग मानेच्या दोन्ही बाजूंनी. मग पांघरुणाखालून जांघेत. प्लेगची गाठ आधी दुखते, मग दिसते. कातडी भाजत होती, पण खाली मऊ होती. काही लागलं नाही. तिनं हात काढला, आणि काढताक्षणी तिला वाटलं की डाव्या बाजूला बोटं नीट गेली नव्हती. तिनं परत हात घातला.

“गुदगुल्या व्हायल्यात, माय.”

“गप पड.”

“सकाळपासून कितीदा बघायलीस? गाठ आली तर मीच सांगन की. तुला सांगितल्याशिवाय गाठ ठिवून घीन का?”

“जनवाड्याचं कुणी तुझ्याजवळ आलं व्हतं का? लिंबाजीच्या गाडीत बसली व्हतीस?”

“न्हाई. हिवताप हाय हा. दर पावसाळ्याच्या शेवटाला येतो तसाच आलाय. कोयनेलची गोळी घेतलीय, कान वाजायलेत, उद्या उतरतोय. मच्छरानं आणलाय, माय, आभाळातून पडला न्हाई.”

अनसाबाई खाटेच्या कडेला बसली. बाहेर कुणीतरी बादली आपटली. हे सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण मच्छर हा शब्द ऐकून तिच्या तोंडातून निघालंच. “मच्छर कुणी पाठवला असला तर?”

“कुणी?”

“कुणी मागितला असला तर. ताप.”

दोर्कसनं डोळे उघडले. तापानं लाल झाले होते आणि मोठे दिसत होते. ती थोडा वेळ आईकडं बघत राहिली, आणि अनसाबाईला कळलं की पोरीला समजलंय. चेहरा लपवणं अनसाबाईला कधी जमलं नव्हतं. ती शिव्या खायला तयार झाली. नर्स होऊन, ख्रिस्ती होऊन असलं मागितलंस, एवढं तरी ऐकावं लागणार.

“मग मच्छराचं नाव कामून बदनाम करायलीस,” दोर्कस म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. ती छताकडं बघत बोलायला लागली, हळू, आणि मध्ये मध्ये ओठ ओले करत. “उठले ना मी त्या दिवशी, तवा गुडघे कापायलते. कुणाला दिसलं न्हाई, लुगड्यात होते. सगळे आमेन म्हणले आन मला वाटलं, आता बसता येत न्हाई. घरी येऊन मी पण मागितलं, माय. तू ताप मागितलास. मी म्हणले, गाडीचं चाक मोडू दे. पूल वाहून जाऊ दे. मिसबाईंना दुसरी कुणी निवडू दे. हुडहुडी भरली तवा मला बरं वाटलं. खरं सांगायलेय. पांघरूण घेतलं आन बरं वाटलं. मग खिडकीतून दिसलं, माझ्या जागी इस्तेर चढली गाडीत.”

शिवम्माची पोरगी इस्तेर. दोर्कसच्याच बरोबरीची, पण नर्सिंगमध्ये एक वर्ष मागं, भित्री, रक्त बघून अजून तोंड फिरवणारी. तिला कुणी विचारलं नव्हतं. जागा रिकामी राहिली म्हणून गाठोडं घेऊन ती चढली होती. अनसाबाईनं ते काल पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आता खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसल्याबसल्या तिला गाडी दिसली, आणि गाडीत इस्तेरच्या अंगावर पिवळा भंडारा दिसला. एक जगावी म्हणून दुसरी. यल्लम्मानं निदान स्वतःची थोरली दिली होती. अनसाबाईनं शेजारणीची दिली, आणि शेजारणीला विचारलंसुद्धा नाही. तिच्या छातीत हवा गेली आणि तिथंच थांबली. ती बाहेर यायची वाट बघत राहिली.

“तुला काय व्हायलंय?” दोर्कसनं तिचा हात धरला. हात पेटल्यासारखा होता.

“मग काय मागायचं असतं गं?” अनसाबाईनं विचारलं. “तूच सांग. पाळक म्हणत्यात तुझं काही मागूच नको, त्याचं ते तुझं कर. मला जमत न्हाई. मला तू पायजेस. ते काढून टाकलं तर माझ्यात मागणारं कोण ऱ्हातंय?”

दोर्कस शाळेत फळ्यावरचं गणित सोडवताना बोलायची तशी बोलली, पायरी पायरीनं. “बागेत प्रभू एकटाच व्हता ना, क्रुसावर न्यायला पकडायच्या आधी. त्यानंबी मागितलंच की. हे नको, म्हणला, टळू दे. घाम गळेपर्यंत मागितलं. पाळक तेवढं सोडत्यात आन शेवटचं सांगत्यात, तुझ्या मनासारखं कर म्हणला ते. पण आधीचं खोटं न्हवतं. ते म्हणल्याशिवाय शेवटचं म्हणता येत न्हाई, असं मला वाटतंय. म्हंजी वाटतंय नुसतं. ताप हाय मला.”

“त्याचं टळलं का?”

“न्हाई,” दोर्कस म्हणाली.

अनसाबाईनं फडकं ओलं करून कपाळावर ठेवलं. फडकं लगेच ऊन झालं. ती ते पाण्यात बुडवायची, पिळायची, ठेवायची. प्रत्येक वेळी ते तसंच ऊन व्हायचं. तिला वाटलं, मागणं असंच असतं. आपण गार ठेवावं आणि त्यानं तापवून परत द्यावं. तिनं ‘ताप काढ’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. उतरला तर परत येणारी गाडी होती. चढला तर खड्डा होता. दोन्हीकडं तिचंच बोलणं उभं होतं, आणि मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

दिवस कलायच्या सुमाराला शिवम्मा आंबिलीचं गाडगं घेऊन आली. उंच, काळी, मोठ्या आवाजाची बाई. दवाखान्याचे कपडे धुवायची, आणि धुताना सगळ्यांच्या घरच्या गोष्टीही घुसळायची. खाटेपाशी येऊन तिनं दोर्कसच्या गालावर उलटा हात ठेवला.

“तापलीयास की गं तव्यासारखी. भाकर टाकू का?”

“टाका, अक्का. वरण करून आणा मग,” दोर्कस पुटपुटली.

“बघ, तोंड चालायलंय. हिला काय व्हत न्हाई.” मग ती अनसाबाईकडं वळली. “नशिबाची हाय तुझी पोरगी. वेळेवर पडली आजारी. आमची बघ, शिंकसुद्धा येत न्हाई मेलीला.” ती हसली, पण गाडगं खाली ठेवताना ते फरशीवर डुगडुगलं, आणि ते स्थिर होईपर्यंत तिनं सोडलं नाही. “भिऊन गेलीय गं ती, अनसाक्का. गाडीत चढताना माझ्याकडं बघितलं न्हाई, बघितलं असतं तर उतरली असती. मला बोलता येत न्हाई देवासंगट, मी नुसती भांडते. तुला येतंय. तू जरा तिच्यासाठी म्हण की.”

अनसाबाईनं डोळे मिटले. शिवम्मानंही मिटले, डोक्यावर पदर घेतला. तिचा खरखरीत, सोड्यानं फाटलेला हात अनसाबाईच्या हातात आला. वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं. अनसाबाईनं ‘प्रभू’ म्हटलं आणि पुढचा शब्द शोधायला लागली. इस्तेरला सांभाळ, एवढं तर म्हणायचं होतं. पण म्हणायच्या आधीच तिच्या मनात उलटा प्रश्न आला: तिला सांभाळलंस तर तिच्याऐवजी कुणाला? प्रत्येक वाक्याच्या मागं कुणीतरी गाडीत चढत होतं. पिवळा रंग तिच्या मिटल्या डोळ्यांत पसरला. ‘प्रभू,’ ती पुन्हा म्हणाली. शिवम्मा वाट बघत होती. मग अनसाबाई आमेन म्हणाली. शिवम्मानं डोळे उघडले, तिला थोडं नवल वाटलं असावं, पण ती म्हणाली, “बास झालं. त्याला कळतंय म्हणत्यात,” आणि रिकाम्या हातांनी निघून गेली. तिच्या पाठीकडं बघताना अनसाबाईला तिला हाक मारून सगळं सांगावंसं वाटलं. तिनं हाक मारली नाही. सांगून शिवम्माच्या हाती काय लागणार होतं? जागरण, आणि अनसाबाईसारखीच एक भीती.

दुसऱ्या सकाळी ती खाटेपाशी आली तेव्हा काय झालंय ते तिला हात न लावताच कळलं. दोर्कसचं उशीवरचं डोकं घामानं चिंब होतं, केस कपाळाला चिकटलेले, आणि ती तोंड उघडं टाकून अशी झोपली होती की तिच्या लहानपणाची आठवण यावी. अनसाबाईनं मनगटाला स्पर्श केला. गार होतं. घामानं गार, जिवंत माणसाचं गार. ती खाली बसली, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिला नुसता आनंद झाला, ज्याला मागं-पुढं काही नव्हतं. मग फाटकाकडून बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

लिंबाजी आत आला नाही. जनवाड्याहून आल्यामुळं त्याला आत यायची मनाई होती. तो व्हरांड्याच्या पायरीखाली उभा राहून बोलला, मुंडाशानं तोंड पुसत. मोठी नर्स राजूबाई त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती.

“मिसबाईंनी सांगितलंय, औषधाची पेटी द्या, चादरी द्या. आन ती दुसरी पोरगी, अनसाक्काची, तिचा ताप उतरला असला तर पाठवा म्हणल्यात. असला तर. नसला तर नको म्हणल्यात, तिथं आजारी माणसं चिक्कार हायत, घरून आणायची गरज न्हाई.”

“इस्तेर कशी हाय?” अनसाबाईनं दारातून विचारलं.

“हाय की. उभी हाय,” लिंबाजी म्हणाला. “झोपडीतल्या म्हाताऱ्यांना पाणी पाजायलीय. रडतीय आन पाजतीय. दोन्ही चालूच हाय तिचं.”

राजूबाई वळली. “अनसे, लाव जा काच. मी पेटी काढून येते. मग मीच बघते.” ती कधी कुणाच्या आकड्यावर विश्वास ठेवत नसे, स्वतः काच उजेडाला धरून बघायची, मग बोलायची. अनसाबाईच्याही आकड्यावर नाही. त्यावरून त्यांची अधूनमधून कुरबुर व्हायची.

काच खिडकीच्या पाळीवर स्पिरिटच्या पेल्यात होती. कापसावर टेकलेली, काल संध्याकाळी ठेवली तशी. अनसाबाईनं ती उचलून पुसली, आणि सवयीनं मनगट वर नेलं. आणि तिथंच ते थांबलं. पारा वर होता. एकशे एकच्या थोडा वर, काल संध्याकाळचा. पारा तापानं आपोआप चढतो, पण आपोआप उतरत नाही. माणसानं दोन-तीन झटके दिल्याशिवाय तो खाली येत नाही. नव्या पोरींना ती हेच आधी शिकवायची. न झटकता काच लावली, तर मागच्या माणसाचा ताप पुढच्याला लागतो. पोरी हसायच्या.

आता काहीच करायचं नव्हतं. हात खाली आणायचा, काच तशीच दोर्कसच्या जिभेखाली ठेवायची, थोडं थांबायचं आणि राजूबाईच्या हातात द्यायची. राजूबाई उजेडाला धरील, एकशे एक वाचील. कुणी खोटं बोललेलं नसेल. काच बोलेल, आणि काच खोटं बोलत नाही असं सगळे मानतात. गाडी पेटी घेऊन जाईल. दोर्कस उठून बसेपर्यंत गाव शांत झालेलं असेल. इस्तेर तिथं असेल, रडत आणि पाणी पाजत. अनसाबाई हात वर धरून उभी होती. खांदा दुखायला लागला. तशा उभ्याउभ्याच तिला स्पष्ट कळलं की आजवर ती ज्याला प्रार्थना म्हणत आली ती हीच होती: काच न झटकता पुढच्याच्या तोंडात देणं. आईचा ताप तिच्यात, तिचा दोर्कसमध्ये, कधीचा कुणाचा आकडा कुणाच्या अंगाला लावत राहणं, आणि त्याला देवाचं नाव देणं. मैलारला काय झालं ते देवाचं होतं की यल्लम्माच्या घाबरलेल्या तोंडाचं, हे आता कुणाला विचारणार? निदान आज खाटेवर जे आहे, तेवढं तरी आजचं बघता आलं असतं. आणि बघितलं तर पोरगी जाणार होती.

“माय,” दोर्कस जागी झाली होती. तिनं आईचा वर गेलेला हात पाहिला, काच पाहिली. तीही नर्स होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, अगदी साधी, आणि ती आईकडं अशी बघत होती की ‘झटक’ही म्हणत नव्हती आणि ‘नको’ही म्हणत नव्हती.

व्हरांड्यात राजूबाईच्या किल्ल्या वाजल्या.

अनसाबाईनं हात झटकला. पहिल्या झटक्याला पारा अर्ध्यावर आला. दुसऱ्यांदा झटकताना तिच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. तिसऱ्यांदा पारा तळाच्या फुगीर काचेत गेला आणि नळी रिकामी झाली. तिनं ती दोर्कसच्या जिभेखाली ठेवली, आणि दोर्कसनं ओठ मिटून घेतले. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. बोलता येत नव्हतं, ते बरं होतं.

राजूबाईनं काच काढली, खिडकीशी नेली, फिरवली. “उतरलाय,” ती म्हणाली. “साफ उतरलाय. अशक्तपणा हाय, पहिल्या दिवशी जड काही उचलू नको म्हणावं. मी चिठ्ठी दिऊ का मिसबाईंना? नको, लिंबाजीला सांगते.” मग ती अनसाबाईकडं वळली, आणि कधी न घेतलेला आकडा आज तिच्याकडून घेतल्यासारखं, दुसऱ्याच आवाजात म्हणाली, “तू आई हायस. तू न्हाई म्हणलीस तर मी थांबवते. सांग.”

“तिला विचारा,” अनसाबाई म्हणाली.

दोर्कस आधीच पाय खाली सोडून बसली होती. तिला उभं राहायला खाटेची दांडी धरावी लागली. “केस विंचरून दी, माय,” ती म्हणाली. “घामानं गुंता झालाय.”

गाडीपाशी बरीच माणसं जमली. उद्धव पाळक आले होते. मिशनमध्ये अशी पद्धत होती की कुणी लांब निघालं की घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि बाकीच्यांनी मागून आमेन म्हणायचं. पाळकांनी मानेनं खूण केली. शिवम्मा कपडे टाकून ओल्या हातांनीच धावत आली होती. तिनं फडक्यात बांधलेली भाकर गाडीत सरकवली, “दोघींत खा,” म्हणाली, आणि मागं सरून उभी राहिली. अनसाबाईनं दोर्कसच्या डोक्यावर हात ठेवला. केस अजून दमट होते, आणि खाली कवटी, बाळपणी तळहातात मावायची ती.

तिला वाटलं होतं, शब्द येणार नाहीत. पण पहिला आला, कारण तो केव्हाचा तिथंच होता. “मला ही परत पायजे,” ती मोठ्यानं म्हणाली. पाळकांनी डोळे उघडले. “इस्तेरबी पायजे. दोघी पायजेत. एकीच्या बदली एक मी मागत न्हाई.” कुणी आमेन म्हणालं नाही, हे संपलं की नाही ते कुणाला कळत नव्हतं. तिलाही नव्हतं. बैलानं मान हलवली, घंटा वाजल्या. एवढं तिचं होतं, आणि ते तिनं सांगून टाकलं होतं, आणि आता तिच्यापाशी सांगायला काही उरलं नव्हतं. पुढचं वाक्य म्हणायला तिनं तोंड उघडलं तेव्हा तिचे दात एकमेकांवर वाजायला लागले. उन्हात उभी असून. दोर्कसच्या डोक्यावरून तिनं हात काढला नाही. वाजणाऱ्या दातांमधून तिनं ते वाक्य एकेक शब्द करून म्हटलं, “तुझ्या, मनासारखं, कर,” आणि लिंबाजीनं तिच्याकडं बघत बघत बैलांचा कासरा हातात घेतला.